हातोडा आणि हिरकणी

आमच्या घरात अनवाणी कुणी फिरत नसे. लोकांच्या घरी चपला उंबऱ्याबाहेर काढायची शिस्त होती. आमच्याकडे बाहेरच्या चपला काढल्या की लगेच घरातल्या वेगळ्या चपला पायात सरकवायच्या, अशी शिस्त होती. पुढच्या खोलीत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काचांचं आणि फोटोंच्या फ्रेमचं दुकान होतं, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो आणि मधे नुसता एक पडदा होता. अप्पा दिवसातून तीनदा झाडायचे, आई चारदा, तरी काचेचा एखादा कण पडद्याखालून घरात शिरायचाच. भाकरीचं पीठ घेण्याआधी आई परात उन्हात तिरकी धरून बघायची आणि कुठे काही चमकलं की पुन्हा घासायला घ्यायची. फरशीवरचे डोळ्यांना न दिसणारे कण टिपायला ती ओल्या कणकेचा गोळा फिरवत असे. कणीक दोन प्रकारची असते, एक पोळ्यांची आणि एक फरशी पुसायची, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. हे मी एकदा वर्गातल्या मैत्रिणीला शहाणपणानं समजावूनही सांगितलं होतं. न विचारता समजावून सांगायची खोड मला तेव्हापासूनची.

दुकान भद्रकालीतल्या एका अरुंद गल्लीत होतं. समोर पितळी भांड्यांना कल्हई लावणारा, पलीकडे रजया शिवणारे, त्यामुळे गल्लीत ठोकण्याचे, पिंजण्याचे, ओरडण्याचे सगळे आवाज एकात एक मिसळलेले असत. पण मला त्या सगळ्यांतून एकच आवाज वेगळा काढता यायचा, तो अप्पांच्या हिरकणीचा. हिरकणी म्हणजे काच कापायचा हिरा. टाकासारखी शिसवी लाकडाची मूठ, पुढे पितळेची टोपी आणि टोपीच्या टोकाला तिळापेक्षाही लहान हिऱ्याचा कण, बारीक नजरेनं बघितला तरच दिसणारा. अप्पा काचेवर रॉकेलचं बोट फिरवायचे, पट्टी धरायचे, श्वास रोखायचे आणि हिरकणी एकाच दमात ओढायचे. 'चिर्र' असा रेशीम फाटल्यासारखा आवाज व्हायचा. मग खालून दोन टिचक्या, आणि काच सुरीनं कापलेल्या वडीसारखी सरळ सुटी व्हायची. "काच गायली पाहिजे," अप्पा म्हणायचे. "किंचाळली तर समजायचं रेघ वाया गेली." ती हिरकणी दुसऱ्या कुणाच्या हातात जात नसे. काम झालं की चामड्याच्या पिशवीत आणि पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात.

हिरकणी अप्पांना दिली होती रहीमचाचांनी. अप्पा पिंपळगावहून नाशकात आले तेव्हा त्यांनीच अप्पांना काचकाम शिकवलं, आणि स्वतःचे हात थरथरायला लागले तेव्हा आपली हिरकणी अप्पांच्या हातावर ठेवून ते घरी बसले. घरी बसले म्हणजे आमच्या दुकानात बसले. रोज सकाळी दहाच्या सुमाराला यायचे, स्टुलावर बसायचे, अप्पांचं काम न बोलता बघायचे आणि चहा पिऊन जायचे. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण रेघ चुकली की त्यांना आवाजावरून कळायचं. मग ते नुसते "हूं" म्हणायचे. त्या "हूं"ला अप्पा जितके घाबरायचे तितके पोलिसालाही घाबरत नसत.

अशा घरातली मी पहिली मुलगी कॉलेजात गेले, आणि तीही विज्ञान शाखेला. त्या वर्षी मी किती असह्य झाले होते हे सांगायला आज आई-अप्पा नाहीत, ही माझ्या दृष्टीनं मोठीच सोय आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हिऱ्यावर दीड पान होतं. ते मी पाठ केलं आणि घरातल्यांना ऐकवत सुटले. शेगडीत कोळसा घालताना आईला सांगितलं, की हा कोळसा, माझ्या पेन्सिलीतलं ग्राफाइट आणि अप्पांची हिरकणी ही सगळी एकाच कार्बनची रूपं, त्यांना अपरूपं म्हणतात. आई म्हणाली, "मग आज हिरकणीवर भात शिजव." मी गंभीरपणे सांगितलं, की प्राणवायूत भरपूर तापवला तर हिरासुद्धा जळतो. हिरा वीज वाहू देत नाही, पण उष्णता तांब्याहून भराभर वाहून नेतो, म्हणून ओठाला लावला तर गार लागतो, हे दाखवायला अप्पा अंघोळीला गेले असताना मी हिरकणी ओठांशी नेली. आई लाटणं घेऊन धावली. हिरकणी पोटात गेली की माणूस मरतो, ही तिची पक्की समजूत. "अगं आई, तो नुसता कार्बन आहे, पोटात विरघळणारसुद्धा नाही!" मी लाटणं चुकवत व्याख्यान पुरं केलं.

सगळ्यात वाईट वागले ते तिच्या चमकीच्या बाबतीत. तिच्या नाकात लग्नातली, माहेरची चमकी होती, हिऱ्याची. मी तिला ती काढायला लावली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि आकडे मोजले. खऱ्या हिऱ्यावरची वाफ लगेच उडते. चमकीवरची उडेना. "काच आहे," मी निकाल दिला. आईनं चमकी पदराला पुसली, पुन्हा नाकात घातली आणि म्हणाली, "आईनं हिरा म्हणून दिली, मी हिरा म्हणून घातली. आता तुझी वाफ आवर आणि लसूण सोल." मी लसूण सोलला, पण अपवर्तनांक सांगत सांगत.

ही खोड अजून गेलेली नाही, हेही सांगून टाकते. मागच्या उन्हाळ्यात इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीसाठी भिंतीला भोक पाडायला एक माणूस आला. त्याच्या यंत्राला पुढे गोल नळीसारखं पातं होतं. "डायमंड आहे मावशी, लांब उभ्या राहा," तो म्हणाला. झालं. मी त्याला त्या पात्याच्या कडेला हिऱ्याची पूड कशी बसवतात, पाणी का सोडावं लागतं, हे सांगायला सुरुवात केली. तो बिचारा भोक पाडून, चिखल पुसून, पाणी पिऊन गेला, तरी माझं संपलं नव्हतं. भाचीनं साखरपुड्याला प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा घ्यायचं ठरवलं तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन केला नाही, असं मागाहून कळलं.

तर त्या वर्षी कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं, तीन दिवसांचं. मी विषय घेतला 'हिरा: गुणधर्म आणि उपयोग'. टेबलावर ठेवायला कोळसा होता, पेन्सिल होती, काचेचे तुकडे तर घरचेच. हिरा मात्र एकच होता. मी अप्पांकडे हिरकणी मागितली. मला वाटलं होतं नाही म्हणतील. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "लोकांसमोर सांगणार तू? या हिरकणीबद्दल?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवी खिशातून काढून माझ्या हातात दिली. रहीमचाचा स्टुलावर होते. ते म्हणाले, "बेटी, जपून. हीरा सख्त है, मगर नाजूक भी है. हातातून पडला तरी जाईल."

"चाचा, असं कसं होईल?" मी म्हणाले. "काठिण्याच्या मोजपट्टीवर हिऱ्याला दहापैकी दहा आहेत. काचेला साडेपाच. जगात त्याच्याहून कठीण काही नाही."

चाचांनी अप्पांकडे बघितलं. "हूं," ते म्हणाले. तो माझ्यासाठी होता हे मला कळलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी अप्पा दुकान बंद करून आले. सणावारालाही अर्धा दिवस उघडणारं दुकान. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि आतला खिसा रिकामा आहे हे विसरून हात पुन्हा पुन्हा छातीशी नेत होते. ते दाराशी, गर्दीच्या मागे उभे राहिले. माझ्या टेबलापुढे शाईनं ठळक लिहिलेली पाटी होती: 'जगातील सर्वांत कठीण पदार्थ'. मी हिरकणीनं काचेवर रेघ ओढली. ती किंचाळली, पण लोकांना तो फरक कुठे कळतो? मी प्रकाश हिऱ्यात शिरला की पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे कसा आतल्या आत अडकतो ते सांगितलं. खाणीतली छिद्रयंत्रं सांगितली. लोक माना डोलवत होते. आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी रंग बदलणारं कारंजं सुरू केलं.

लोक तिकडे वळायला लागले. आधी दोघं, मग पाच-सहा. मला ते सहन झालं नाही. इतकंच कारण होतं. दुसरं कारण शोधायचा प्रयत्न मी पुढे पुष्कळ केला, पण नव्हतं. कुणीही मागणी केली नव्हती, कुणी शंका काढली नव्हती. पलीकडच्या टेबलावर भूगर्भशास्त्रवाल्यांचा दगड फोडायचा हातोडा होता, तो मी उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, "आता या हिऱ्यावर मी हातोडा मारणार आहे! बघा काय होतं ते!"

गर्दी परत आली. कारंजं सोडून आली. मी हिरकणी हिऱ्याची बाजू वर करून लोखंडी ठोकळ्यावर आडवी धरली. मागून अप्पांचा आवाज आला, "कुमुद, नको. हातोडा नको."

"अप्पा, तुम्ही नुसतं बघा," मी म्हणाले. "हे विज्ञान आहे."

लोक हसले. अप्पांकडे वळून हसले. मी हातोडा मारला.

आवाज अगदी लहान झाला. सुपारी फुटल्यासारखा. पितळेच्या टोपीत जिथे तो कण असायचा तिथे खळगा उरला होता, आणि ठोकळ्यावर मिठाच्या चार कणांसारखं काहीतरी पांढरं पसरलं होतं. प्रयोगच तो होता असं समजून मागच्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणखी दोघांनी वाजवल्या. मी हातोडा हातात धरून उभी होते.

"कुणी हलू नका," अप्पा म्हणाले. ते पुढे आले. दुकानात काच फुटली की म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, रागाचा लवलेश नाही. त्यांनी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि एकेक कण टिपून माझ्या वहीच्या फाडलेल्या कागदावर ठेवला. कागदाची पुडी केली, खिशात घातली. गर्दीच्या रेट्यानं माझी पाटी तिरकी झाली होती, ती सरळ केली. मग ते निघून गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि बघितलं नाही याचं मला बरं वाटलं, हे आज लिहितानाही शरम वाटते.

संध्याकाळी आमचे सर आले. झाला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. ते म्हणाले, "काठिण्य म्हणजे ओरखडा न पडणं. आघात सोसणं म्हणजे चिवटपणा, तो वेगळा गुण. हिरा कठीण असतो, पण ठिसूळ. त्याच्या स्फटिकात अणूंचे थर अशा रीतीनं रचलेले असतात, की ठरावीक दिशांनी तो सहज चिरला जातो. त्याला पाटन म्हणतात." मी म्हणाले, "सर, पुस्तकात हे नाही." त्यांनी पुस्तक उघडलं. होतं. मी पाठ केलेल्या दीड पानाच्या पुढच्या अर्ध्यात होतं. परीक्षेला येत नाही असं कुणीतरी म्हणालं म्हणून मी ते सोडलं होतं.

घरी शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी होती, माझी आवडती. मी भाकरी नुसती कुस्करत बसले. अप्पा नेहमीसारखे जेवले. ताट सारून हात धुताना म्हणाले, "चाचांना मी सांगणार नाय. तू सांगायचं." मी म्हणाले, "अप्पा, माझं चुकलं." ते म्हणाले, "चुकलं ते दिसतंयच." इतकंच बोलणं झालं. पडद्यापलीकडे दुसऱ्या दिवशी 'चिर्र' ऐकू आलं नाही. अप्पा फ्रेमच्या पट्ट्या कापत बसले होते.

चाचा दुकानात यायच्या आधीच मी त्यांच्या घरी गेले. ते दारात खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, 'तुम्ही नुसतं बघा'सकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती टोले मारले?"

"एकच."

"एकात फुटली?"

"हो."

"मग हात चांगला आहे तुझा," चाचा म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडले. ते म्हणाले, "रडतेस काय? हिऱ्याचे मोठे कारागीर महिना महिना दगड बघत बसतात, रेघ कुठे ते शोधतात आणि मग एकच टोला मारतात. लाकडासारखं असतं ते, रेषेतच चिरतं. तू बघितलं नाहीस, इतकंच." त्यांनी पुडी मागितली. अप्पांनी ती माझ्याजवळ दिली होती. भिंग लावून, थरथरत्या चिमट्यानं त्यांनी त्यातल्या त्यात मोठा कण निवडला. "मी बसवून देतो," म्हणाले.

उरलेले दोन दिवस मी प्रदर्शनात उभी राहिले, सरांनी उभं केलं म्हणून. पाटीखाली त्यांनी मला एक ओळ वाढवायला लावली: 'हातोड्याने फुटतो. आम्ही फोडून पाहिला.' खाली भिंग आणि उरलेले कण. त्या ओळीमुळे गर्दी कारंज्यापेक्षा जास्त झाली. मला त्याचा काही आनंद झाला नाही.

चौथ्या दिवशी चाचा नव्यानं बसवलेला हिरा घेऊन दुकानात आले. पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या बंगल्याच्या खिडक्यांचं काम अडून राहिलं होतं. अप्पांनी रॉकेल लावलं, पट्टी धरली, ओढली. काच किंचाळली. पांढरी, खरबरीत रेघ उमटली, आणि टिचकी मारल्यावर काच रेघ सोडून भलतीकडेच फुटली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. अप्पांनी हिरकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "कुमुद, हिरा तोच ना? कठीण तेवढाच ना? मग कापत का नाय?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मला उत्तर माहीत नाही. "माहीत नाही, अप्पा," मी म्हणाले. मी असं म्हटल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नव्हतं. पडद्याआडून आईनं डोकं बाहेर काढून बघितलं.

अप्पांनी शेवटी पोलादी चाकाची कलम आणली. पंधरा दिवस तिला शिव्या देत त्यांनी पिंपळगावच्या खिडक्या पुऱ्या केल्या, आणि पुढे तिच्यावरच त्यांचा हात बसला. तिचा आवाज मात्र वेगळा होता, वाळूवरून सायकल गेल्यासारखा. मी सरांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि मला ग्रंथालयात पाठवलं. तिथे मी किती दिवस जुनी, वाळवी लागलेली पुस्तकं उलटली ते आठवत नाही. पण सापडलं. खाणीतून निघालेल्या अखंड हिऱ्याची कड जराशी गोलसर, फुगीर असते. ती काचेत रुतत नाही, पाचरीसारखी दाबते, आणि त्या दाबानं काचेत खाली एक सरळ तडा उतरतो. काच त्या तड्यावर सुटते. फुटलेल्या हिऱ्याची कड धारदार असते, पण ती नुसती नांगरासारखी काच उकरत जाते. तडा पडतच नाही.

मी ग्रंथालयातून पळत दुकानात आले. अप्पा आणि चाचा चहाला बसले होते. मी पट्टी घेतली, साबणाची वडी घेतली, आधी पाचर करून दाखवली, मग नांगर; फळीवर खडूनं आकृती काढली, ती पुसून मोठी काढली. दोघंही एकदासुद्धा मधे बोलले नाहीत. शेवटी अप्पांनी दोन प्रश्न विचारले, तेही अगदी नवख्या माणसासारखे, आणि मी त्यांची उत्तरं दिली. त्या दिवशी मी ठरवलं, की आपण हेच करायचं. पुढे तीस-पस्तीस वर्षं मी कॉलेजात स्फटिकशास्त्र शिकवलं ते त्या दुपारच्या जोरावर.

अप्पा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. एकदा मी स्फटिकांवर कुठेसं व्याख्यान देऊन घरी आले होते आणि ती गवार निवडत बसली होती. मी सहज म्हणाले, की अप्पांना आणि चाचांना मी ती कडेची गोष्ट समजावून सांगितली तो माझा पहिला तास.

आई म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं ते."

"काय ठाऊक होतं?"

"फुटक्या हिऱ्यानं काच कापत नाही म्हणून. चाचांनी ह्यांना शिकवताना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. कड गोल लागते. काचवाल्यांत कुणालाही ठाऊक असतं गं ते."

"मग चाचांनी तो तुकडा बसवला कशाला? अप्पांनी तीन काचा वाया कशाला घालवल्या?"

आईनं गवारीची शीर ओढून काढली. "तुकडा घेतला तो तुझं रडणं थांबवायला. पण तू तीन दिवस धड जेवली नव्हतीस. कॉलेज सोडते म्हणाली होतीस मला. मी ह्यांना सांगितलं. हे चाचांकडे गेले. दोघांनी मिळून काय ते ठरवलं."

इतक्या वर्षांत मी ती दुपार किती वर्गांत, किती जणांना सांगितली होती. दोन साध्या कारागिरांना विज्ञान समजावलं, अशी.

"तू आकृती पुसून मोठी काढलीस ना, तेव्हा चहा पार निवून गेला होता," आई म्हणाली. "दोघांनी तसाच प्यायला. मी नवा करते म्हटलं तर ह्यांनी हातानंच थांबवलं. जाताना चाचा पायरीवर थांबले, ह्यांना काय म्हणाले माहितीय?"

"काय?"

"म्हणाले, 'अच्छा बताती है.'"